डीसीएस या उड्डाण-सिम्युलेटर गेममध्ये केए-५० हेलिकॉप्टर ट्रिम केल्यावर झटका का मारतं?

ट्रिमचं, म्हणजे स्टिकची आत्ताची स्थिती कायम करणारं, बटण (टी) सोडल्यावर तुमची स्टिक मधोमध परत यायला उशीर होतो, म्हणून. बटण सोडताना स्टिक जिथे असते तोच सिम्युलेटरसाठी नवा मध्य ठरतो. स्प्रिंगची जॉयस्टिक तशीच पुढे दाबलेली राहिली की तेवढाच दाब दुसऱ्यांदा मोजला जातो आणि नाक धाडकन खाली जातं. सेटिंग्जच्या ‘स्पेशल’ टॅबमध्ये केए-५० साठी ‘सेंट्रल पोझिशन ट्रिमर मोड’ निवडा, म्हणजे स्टिक मध्यावर येईपर्यंत तिची हालचाल धरली जात नाही.

वळताना बटण दाबूनच ठेवा, हेलिकॉप्टर स्थिरावलं की सोडा. नुसतं टिचकी मारून सोडलंत तर ऑटोपायलट जुन्या दिशेकडे ओढत राहतो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. फारच बिघडलं तर कंट्रोल-टी दाबून ट्रिम रीसेट करा. स्प्रिंग नसलेल्या किंवा फोर्स फीडबॅकच्या (मोटरने स्वतः जागा धरणाऱ्या) स्टिकला मात्र हा मोड लावू नका.