नॅनोकॅप्सूल आणि बायोप्रिंटिंगमुळे केमोचे साइड इफेक्ट बंद होतील का?

तुम्ही विचारलंय की हे तंत्रज्ञान आलं की केमोचं औषध थेट गाठीतच जाणार आणि साइड इफेक्ट बंद होणार का. मी फॉर्म्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे औषध कशात भरून द्यायचं ते बघणाऱ्या लॅबमध्ये काम करतो, सरळ सांगतो, कमी होतात, बंद नाही.

डॉक्सोरुबिसिन घ्या, लालभडक औषध, कॅन्सरवर जबरी पण हृदयाला बाधतं. तेच साधारण १०० नॅनोमीटरच्या लिपिडच्या (चरबीसारख्या पदार्थाच्या) फुग्यात, म्हणजे एका प्रकारच्या नॅनोकॅप्सूलमध्ये भरलं की झालं डॉक्सिल, अमेरिकेत १९९५ ला मंजूर. भरायची ट्रिक भारी आहे, फुग्यात आधीच अमोनियम सल्फेट असतं, औषध आत शिरतं आणि तिथेच स्फटिक होऊन अडकून बसतं. आम्ही असलं काही बनवलं की डायलिसिसच्या पिशवीत (हिच्या बारीक छिद्रांतून सुटं औषध बाहेर येतं, फुगे नाही) घालून बाहेरच्या पाण्याकडे बघत बसतो, पाणी गुलाबी व्हायला लागलं की समजायचं फुगे गळतायत.

आता हृदय वाचतं कारण तिथल्या धडधाकट रक्तवाहिन्यांमधून एवढा मोठा कण सहजी बाहेर पडत नाही, गाठीतल्या वाहिन्या मात्र गळक्या असतात, हे जपानात मात्सुमुरा आणि माएदा या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. पण म्हणून सगळं औषध गाठीत जातं असं अजिबात नाही हो! २०१६ मध्ये आधीच्या १० वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तेव्हा गाठीत पोचलेल्या डोसचा मध्यक निघाला फक्त ०.७ टक्के. बरेचसे कण लिव्हर आणि प्लीहाच गिळतात. आणि डॉक्सिलने तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात ते वेगळंच. (लिव्हरलाच औषध द्यायचं असेल तर मात्र हीच खोड कामाला येते, २०१८ चं पॅटिसिरान हे लिव्हरमध्ये काम करणारं औषध त्यावरच चालतं.)

बायोप्रिंटिंग हे वेगळं प्रकरण आहे, जिवंत पेशी जेलमध्ये कालवून थरावर थर छापायचे. ते रक्तातून औषध कुठे नेत नाही, सध्या त्याचा खरा उपयोग म्हणजे छापलेल्या लिव्हरच्या किंवा गाठीच्या तुकड्यावर औषध तपासून बघणं. त्यातही सुई बारीक घेतली तर दाबाने पेशी मरतात, जाड घेतली तर बारकावे जातात, आणि तुकडा जाड झाला की रक्तवाहिन्या नसल्यामुळे मधल्या पेशी ऑक्सिजनविना मरतात. नॅनोकण मिसळलेलं जेल छापून ऑपरेशनच्या जागीच ठेवायचं असेही प्रयोग चालू आहेत, मला त्यातच जास्त दम वाटतो, कारण तिथे गाठ शोधत फिरायची भानगडच नाही.