शाळा चालू असताना मुलांना आठवडाभर फिरायला नेलं तर चालतं का? शाळा रजा देते का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सोलापुरात कापडाचं दुकान, त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्याच्या लग्नसराईत गावाबाहेर पडता येत नाही. मुलगी चौथीत, मुलगा आठवीत, दोघंही राज्य मंडळाच्या शाळेत. केरळला आठ दिवस जायचंय. आणि इंग्लंडमधल्या नातेवाइकांनी तिथे शाळा बुडवली की दंड बसतो असं सांगितल्यापासून घरात धाकधूक आहे.

दंडाचं आधी उरकतो. इंग्लंडमधली गोष्ट खरी आहे. ऑगस्ट २०२४ पासून तिथे विनापरवानगी गैरहजेरीची पहिली नोटीस आली तर २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६० पौंड, आणि तोही प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला वेगळा. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण शाळा बुडवून फिरायला नेलं म्हणून दंडाची तरतूद त्यात नाही. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. सलग महिन्याभराहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, पण आपल्या जिल्ह्यात तो प्रश्न येतो ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर आईबापांसोबत जाणाऱ्या पोरांचा. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. तुमच्या आठ दिवसांचा त्याच्याशी काही संबंध नाही. विनाअनुदानित खासगी शाळांचे स्वतःचे नियम असतात, तेव्हा शाळेच्या दैनंदिनीची पहिली चार पानं एकदा वाचून घ्या. पालक ती पानं जूनमध्ये सही करून देतात आणि वाचत मात्र नाहीत.

हजेरीबाबत एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो. रजेचा अर्ज मंजूर झाला म्हणजे ते दिवस हजेरीत धरले जातात, असं नसतं. हजेरीपत्रकावर मूल गैरहजर ते गैरहजरच. अर्जाने फक्त एवढं होतं की वर्गशिक्षकांना कारण माहीत असतं आणि चौकशीचा फोन येत नाही. पण हिशोब घाबरण्यासारखा नाही. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. त्यातले पाच दिवस म्हणजे दोन-अडीच टक्के. ७५ टक्क्यांची अट खरी बोचते ती दहावी-बारावीच्या बोर्डाच्या वर्षी. तेव्हा ‘किती दिवस बुडाले’ याची चिंता सोडा आणि ‘कुठले दिवस बुडाले’ हे बघा.

तुमचा धंदा कापडाचा आहे म्हणून सांगतो, कॅलेंडर जरा वेगळ्या नजरेने बघा. दिवाळीची गर्दी भाऊबीजेला ओसरते. लग्नाचे मुहूर्त तुळशीविवाहानंतर सुरू होतात. कार्तिक शुद्ध द्वितीयेपासून द्वादशीपर्यंत मध्ये नऊ-दहा दिवस उरतात. बस्त्याची थोडी गिऱ्हाइकं या काळातही येतील, पण ती जुन्या माणसांवर सोपवता येतात. आणि शाळेची दिवाळीची सुट्टी भाऊबीजेला संपत नाही, पुढे चार-सहा दिवस, कधी आठवडाभर चालते. म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघालात तर आठ दिवसांतले निम्मे तरी आपोआप सुट्टीत पडतात आणि शाळेचे बुडतात तीन किंवा चार. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या शाळेच्या वार्षिक सुट्ट्यांच्या यादीत जूनमध्येच मिळतात. ती यादी कार्यालयातून मागून घ्या. दोघांच्या शाळा वेगळ्या असतील तर दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा, कारण उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस गणपतीत किंवा नाताळात घ्यायची सोय शाळांना असते आणि सगळ्या शाळा ती सारखी वापरत नाहीत.

या मधल्या दिवसांच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे गाडी. दिवाळीची परतीची गर्दी आणि कार्तिकीचे वारकरी एकाच वेळी रस्त्यावर असतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० होतं. सकाळी आठला आरक्षण उघडतं तेव्हाच बसा, तत्काळवर भरवसा ठेवू नका. मुलीचं वय पाच ते बारामध्ये येतं. तिला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, अर्ध्या भाड्यात बर्थ मिळत नाही. पुणे–कन्याकुमारी गाडी सोलापूरवरूनच जाते, पण एर्नाकुलम गाठायला एक अख्खा दिवस आणि वर रात्र लागते. तिथे अर्ध्या तिकिटाची काटकसर करू नका.

दुसरी अडचण केरळचीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. दुपारनंतर ढग भरून येतात आणि धो धो कोसळतो. मुन्नारला संध्याकाळ खोलीत काढायची तयारी असेल तर जा. नाहीतर याच दिवसांत विजापूर–बदामी–हंपी हा गाडीने होणारा पाच दिवसांचा प्रवास जास्त शहाणपणाचा, असं माझं मत. ऊन उतरलेलं असतं आणि शाळेचे एक-दोन दिवसच बुडतात. मे महिन्यात तीच हंपी ४० अंशांच्या वर तापते, मुलं दगडाला हात लावायला तयार होत नाहीत.

दिवाळीनंतरचे हे दिवस हुकलेच तर नोव्हेंबरचा शेवट बरा. जून-जुलै अजिबात नको, वर्षाचा पाया तेव्हाच घातला जातो. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर सहामाहीमुळे गेला. डिसेंबरचा उत्तरार्ध कागदावर मोकळा दिसतो, पण तेव्हा क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी असतात. नाचात मधल्या ओळीत उभं असलेलं मूल आठ दिवस गायब झालं की बाईंचा राग तुमच्यावर आणि रडणं मुलाचं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आठवड्यात सोलापूरचा माणूस बाहेर जात नाही, पाहुणेच आपल्याकडे येतात. पुढे फेब्रुवारीपासून परीक्षांची चाहूल लागते, तो विषय संपला.

आता दोन मुलांचा फरक. घरोघरी समजूत अशी की चौथीचं काय, लहान आहे, बुडवली तरी चालते, काळजी आठवीची. अर्धंच खरं आहे. चौथीला सत्राच्या १०० गुणांपैकी ६० आकारिक मूल्यमापनाचे असतात, म्हणजे वर्गात रोज होणारं तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित परीक्षेला उरतात ४०. त्या चार दिवसांत बाईंनी कविता पाठांतर घेतलं किंवा गणिताची चाचणी घेतली तर ती नोंद मुलीच्या नावापुढे कोरी राहते. ती नंतर भरून घेता येते, बहुतेक शिक्षक घेतातही, पण पालकांनी आठवण करून द्यावी लागते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ती आपोआप होईल ही अपेक्षा चुकीची.

आठवीचं कोडं वेगळं. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पुन्हा वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही राहिली तर त्याच वर्गात बसावं लागतं. चार दिवस बुडल्याने कुणी नापास होत नाही, पण गणितात मधली पायरी निसटते. आठवीच्या गणिताच्या पुस्तकाचा दुसरा विभाग बहुपदींच्या भागाकाराने सुरू होतो आणि दिवाळीनंतर शाळेत साधारण तोच घेतात. त्याला आधीची विस्तार सूत्रं आणि बैजिक राशींचे अवयव पक्के लागतात, आणि पुढे एकचल समीकरणं येतात. मुलगा परत येईल तेव्हा वर्ग उदाहरणं सोडवत असेल आणि याला मांडणीच माहीत नसेल. मग तो शेजारच्याचं बघून उतरवतो, वही भरते, आणि चूक मार्चमध्ये कळते. इतिहास, मराठी, हिंदीचे धडे घरी वाचून भरून निघतात. विज्ञानात फक्त प्रयोग बुडाला का तेवढं विचारा. मुलगा एनएमएमएसला, म्हणजे आठवीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार असेल तर ती परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये असते, मग नोव्हेंबरचा शेवटही सोडून द्या.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, वर्गशिक्षकांच्या हातात, निघायच्या किमान दोन आठवडे आधी द्या. दोन मुलांचे दोन अर्ज, आणि पोच म्हणून एका प्रतीवर सही घ्या. मजकूर एवढाच पुरे: ‘इयत्ता चौथीत शिकणारी माझी मुलगी कौटुंबिक प्रवासासाठी दि. … ते दि. … असे शाळेचे चार दिवस गैरहजर राहील. या काळातील अभ्यास आम्ही घरी पूर्ण करून घेऊ. कृपया नोंद घ्यावी.’ ‘परवानगी मिळावी’ लिहिलंत की मुख्याध्यापकांना हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि लेखी हो म्हणायला कुणी सहसा धजावत नाही. ‘नोंद घ्यावी’ला सही पटकन मिळते.

‘ताप आल्यामुळे’ असं खोटं कारण अजिबात देऊ नका. मुलं वर्गात पहिल्याच मधल्या सुट्टीत हाउसबोटीचं सांगतात. त्याआधी तुमचं व्हॉट्सअॅप स्टेटस बाईंनी पाहिलेलं असतं, त्या पालकांच्या ग्रुपवर आहेतच. पुढे खरंच डेंगी झाला तर तेव्हाच्या अर्जाकडे संशयाने बघितलं जातं. शिवाय मुलीला घरून खोटं बोलायला शिकवून पाठवायचं आणि वर मूल्यशिक्षणाचा तास चुकला म्हणून हळहळायचं, हे काही जमत नाही.

अर्ज देताना ‘अभ्यास द्या’ असं मोघम म्हणू नका, शिक्षक वैतागतात. ‘या चार दिवसांत गणिताचा कुठला घटक सुरू होईल आणि कुठली नोंद घेणार आहात?’ एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर एका मिनिटात मिळतं. त्याप्रमाणे निघण्याआधीच्या शनिवार-रविवारी मुलाला तो घटक घरी सुरू करून द्या: आधी अवयवांची दहा उदाहरणं, मग बहुपदीला एकपदीने भागायची पाच. द्विपदीने भागणं पुढे वर्गात होईल. मुलीसाठी एक पाठांतर आणि पाढे पुरेत.

दप्तर सोबत नेऊ नका. नेलेलं दप्तर उघडलं जात नाही, पण ते बर्थखाली दिसलं की रोज त्यावरून भांडण होतं. एक शंभर पानी वही आणि गणिताचं पुस्तक बस्स. पुस्तक न्यायचं नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोबाइलवर उतरवून घ्या, आणि घरच्या वायफायवर घ्या, गाडीत रेंज जाते. अभ्यास जाताना गाडीत चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस. मधल्या दिवसांत काही नाही. मुलीने रोजच्या चार ओळी लिहिल्या आणि तिकिटं चिकटवली तर ती वही बाई उपक्रम म्हणून बघतील का, हे आधी विचारून ठेवा.

परतीची गाडी रविवारी रात्री सोलापुरात आणणारी घेऊ नका. ती उशिरा धावली की सोमवार गेलाच, आणि थकलेलं मूल बाहेरच्या पाण्याने आजारी पडलं तर तीन दिवसांचे सहा होतात. शनिवारी पोचा. रविवार झोपेला आणि गणवेश धुवायला.

परत आल्यावर सगळे पालक एकच चूक करतात: मैत्रिणीची वही आणून एका बैठकीत तीस पानं उतरवायला लावतात. हात दुखतो, डोक्यात काही जात नाही. आधी फक्त गणित घ्या, रोज पाऊण तास, तीन दिवस. वर्गात झालेल्या प्रत्येक प्रकाराचं एक उदाहरण मुलाने वही न बघता सोडवायचं. अडलं तिथेच थांबून मागची पायरी बघा, बहुतेक वेळा अडचण अवयवांत सापडते. बाकी विषयांची प्रश्नोत्तरं रोज दोन पानं. चौथ्या दिवशी मुलीच्या बाईंना भेटून राहिलेली तोंडी नोंद कधी घेणार ते विचारा.

मुलांनाही आधी विचारा. शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसावर डोळा ठेवून बसलेली मुलगी असेल तर केरळपेक्षा ते प्रशस्तिपत्रक तिला मोठं वाटतं, आणि ते चूक नाही.

व्हॅन किंवा रिक्षाचे पैसे महिन्याचेच द्यावे लागतात, चार दिवस कापून मिळत नाहीत, मागूही नका. पण रिक्षावाल्या काकांना आदल्या संध्याकाळी फोन करून तारखा सांगा. परतल्यावर पहिल्या सकाळसाठी पुन्हा एक फोन करा, नाहीतर ते तुम्ही अजून केरळातच आहात असं धरून सरळ पुढच्या गल्लीत जातील.