कधीही न भेटलेल्या पत्रमित्रामुळे माणूस स्वतःला माफ करायला शिकतो का?

हो, शिकू शकतो. समोर बसून बोलायची लाज वाटते ते कागदावर उतरतं, आणि वाचणारा तरीही पाठ फिरवत नाही म्हटल्यावर स्वतःवरचा राग निवळतो. रशियन संगीतकार चायकॉव्स्की आणि श्रीमंत विधवा नादेझ्दा फॉन मेक यांची १८७६ ते १८९० मधली हजारावर पत्रं बघा. अट एकच, भेटायचं नाही. १८७७ मध्ये त्याचं लग्न तीन महिन्यांत विस्कटलं, तेव्हा दोष न देता तिने वर्षाला ६,००० रूबल सुरू केले. १८७९ मध्ये दोघांच्या बग्ग्या चुकून समोरासमोर आल्या. त्याने टोपी उचलली, ती गडबडली, शब्द एक नाही! मात्र दुसऱ्याला माफ करणं यातून आपोआप जमेलच असं नाही: १८९० मध्ये तिने संबंध तोडले, ते त्याला लागून राहिलं.