जुन्या ॲम्बेसेडरचा टेम्परेचरचा काटा दोन मिनिटांत ‘एच’वर जातो, रेडिएटर बदलावा का?

रेडिएटर बदलू नका, निदान आज तरी. तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या थंडीत सकाळी गाडी सुरू केली की दोन मिनिटांत काटा ‘एच’ला टेकतो, वाफ नाही, पाणी कमी होत नाही, आणि गॅरेजवाले रेडिएटर बदला म्हणतात. गार पडलेलं लोखंडी इंजिन दोन मिनिटांत तापत नाही. काटा ‘एच’वर असताना इंजिनातून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होज पाइपला हात लावून बघा. पाइप गार किंवा जेमतेम कोमट असेल, तर दोष विजेच्या बाजूला आहे.

बॉनेट उघडा. हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर), थर्मोस्टॅटच्या म्हणजे पाण्याचा प्रवाह उघडबंद करणाऱ्या झडपेच्या जवळ पितळी सेंडर दिसेल, म्हणजे पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा भाग; त्याला एकच वायर. (वायरऐवजी मीटरपर्यंत जाणारी बारीक धातूची नळी असेल तर मीटर यांत्रिक आहे. त्याची नळी तुटली की अख्खं मीटरच बदलावं लागतं, पुढचं काही लागू नाही.) इंजिन बंद, चावी ऑन. वायर काढून अधांतरी धरा आणि मिनिटभर थांबा. या मीटरमधली पट्टी तापून-निवून काटा हलवते, त्यामुळे तो सावकाश येतो. इथेच घाई करून लोक चुकीचा निष्कर्ष काढतात.

काटा ‘सी’वर उतरला तर सेंडर आतून शॉर्ट आहे. तसाच ‘एच’वर राहिला तर मीटरच्या मागची, सेंडरकडून येणारी वायरही काढा. आता उतरला, तर मधल्या वायरचं आवरण कुठेतरी वितळून ती बॉडीला लागतेय; मॅनिफोल्डजवळ (धूर बाहेर नेणारा तापणारा पाइप) आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात आधी पाहा. तरीही उतरला नाही, तर मीटर खराब.

पेट्रोलचा काटाही खऱ्यापेक्षा वर दाखवतो का? मग वायरचा नाद सोडून मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासा. तो बॅटरीचे 12 व्होल्ट तोडून-तोडून सरासरी 10च्या आसपास देतो. त्याच्या स्क्रूला गंज चढून अर्थ (बॉडीशी विजेची जोडणी) सुटला की पूर्ण व्होल्टेज जातं आणि दोन्ही काटे चढतात. नवा घेण्याआधी तो स्क्रू आणि खालचा पत्रा घासून स्वच्छ करा.

सेंडर घेताना तुमच्या मीटरला जुळणाराच घ्या. चुडी (स्क्रूसारखे आटे) बसली म्हणजे रेझिस्टन्स जुळला असं नाही. बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. चुडीवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, कारण सेंडरचा अर्थ त्या चुडीतूनच मिळतो. तो कमजोर झाला की काटा खाली दाखवतो आणि हा दोष जास्त घातक. पाणी कमी असलं तरी तेच होतं: सेंडर पाण्याबाहेर पडतो आणि इंजिन तापत असताना काटा मधेच राहतो.

बसवण्याआधी एक काम जरूर करा. सेंडरला त्याची वायर जोडा, त्याच्या धातूच्या अंगापासून इंजिनापर्यंत दुसरी वायर लावा आणि चुडीपर्यंतचा भाग उकळत्या पाण्यात धरा. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. काटा स्थिरावला की काचेवर बारीक खूण करा. मानपूरच्या घाटात काटा त्या खुणेपुढे जाऊ लागला तर गाडी बाजूला घ्या, आणि इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका.