गुरुजींना विचारा : राजा उभा राहिला, उपराष्ट्राध्यक्ष पडले

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. 2024 साली आपल्याकडे लोकसभा झाली, त्याच वर्षी आफ्रिकेतल्या बोत्स्वानात स्वातंत्र्यापासून राज्य करणारा पक्ष पडला असं वाचलं. तुम्ही तिथं मास्तरकी केली, असं मागे एका उत्तरात लिहिलं होतं. आमच्या नंदुरबारनं माणिकराव गावितांना नऊ वेळा दिल्लीला पाठवलं. तिथली खेड्यातली माणसंही एकाच माणसाला, एकाच पक्षाला अशी धरून राहतात का? तिथंही घराणं बघतात का?
— एक वाचक, शहादा तालुका

उत्तर : भाऊ, बघतात. पण कसं बघतात ते सांगायला मला तुम्हाला कान्येला न्यावं लागेल.

1986 ते 1991 मी तिथं गणित शिकवलं. अमळनेरहून निघालो तेव्हा नकाशात कान्ये शोधायला भिंग घ्यावं लागलं होतं. राजधानी गॅबरोनच्या नैर्ऋत्येला, टेकडीवर वसलेलं मोठं गाव. गॅबरोन लिहितात, पण तिथले लोक म्हणतात खाबरोने. त्यांचा 'ग' आपल्या 'ख'सारखा. देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आणि माणूस दिसेल तर शपथ. गुरं मात्र भरपूर. एकेका कुटुंबाची तीन ठिकाणं असायची : गावात घर, लांबवर शेत आणि त्याहून लांब गुरांचा तळ. निवडणुकीच्या वेळी घरातला म्हातारा तळावर, सून शेतावर, पोरगा दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत. मतदार यादी करणाऱ्याची काय दशा होत असेल, बघा.

कान्ये ही बांग्वाकेत्से जमातीची राजधानी. त्यांचा राजा म्हणजे खोसी. 1928 पासून गादीवर होते दुसरे बाथोएन. कडक, शिस्तीचे, चर्चमध्ये जाणारे गृहस्थ. त्याच गावात एक मास्तर होते, केटुमिले मासिरे. साध्या घरातले. त्यांनी गावात माध्यमिक शाळा काढली, नव्या पद्धतीची शेती केली, 1957 साली 'मास्टर फार्मर'चं प्रमाणपत्र मिळवलं, पुढे वर्तमानपत्रातही लिहू लागले. जमिनीवरून त्यांचे आणि खोसींचे खटके उडायचे. गावात राजा एक आणि हुशार मास्तर एक, म्हणजे काय होणार हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

1962 साली सेरेत्से खामा आणि मासिरे यांनी बोत्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी काढली. खामा स्वतः बामांग्वातो या मोठ्या जमातीच्या गादीचे वारस. रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी लग्न केलं म्हणून इंग्रजांनी त्यांना देशाबाहेर ठेवलं होतं. 1956 साली गादीवरचा हक्क सोडून ते परत आले. मार्च 1965 च्या पहिल्या निवडणुकीत पक्षानं 31 पैकी 28 जागा घेतल्या. 30 सप्टेंबर 1966 ला देश स्वतंत्र झाला. खामा राष्ट्राध्यक्ष, मासिरे उपराष्ट्राध्यक्ष.

आणि मग या सरकारनं खोसींची नखं काढायला घेतली. 1967 साली जमिनीखालची खनिजं जमातींकडून देशाच्या मालकीची केली. 1968 साली जमीनवाटपाचा अधिकार खोसींकडून काढून जमीन मंडळांकडे द्यायचा कायदा झाला. खोसींना सल्ला देण्यापुरतं वेगळं सभागृह ठेवलं. आपल्याकडे वतनं गेली तेव्हा पाटलांना जे वाटलं असेल, ते बाथोएनना वाटलं. फरक इतका की बाथोएन रुसून वाड्यात बसले नाहीत. 41 वर्षांची गादी 1969 साली त्यांनी सोडून दिली, बोत्स्वाना नॅशनल फ्रंट या विरोधी पक्षात गेले आणि मासिरेंच्याच विरोधात कान्ये साउथमधून उभे राहिले.

देशाचे उपराष्ट्राध्यक्ष आपल्याच गावात पडले.

मी ज्या घरात भाड्यानं राहायचो त्याच्या शेजारी एक म्हातारबा होते. मी त्यांना 'रा' म्हणायचो. तिकडे मोठ्या माणसाला रा, बाईला म्मा. त्यांनी 1969 ला बाथोएनना मत दिलं होतं. मी विचारलं, राजासाठी दिलंत ना? ते हसले. म्हणाले, "राजा असताना ते माझ्याकडे कधी आले नाहीत. त्या वर्षी आले, माझ्या अंगणात बसले. त्यासाठी दिलं." मला वाटलं होतं म्हातारबा आपल्या अहिराणीत म्हणतात तसं 'तो आपला शे ना भो' म्हणतील, आणि विषय संपेल. त्यांची एक म्हण आहे, 'खोसी के खोसी का मोराफे' : लोक आहेत म्हणून राजा राजा आहे. म्हातारबांनी ती मतदानापुरती खरी करून घेतली.

आता मला न आवडलेला भाग. देशभरात खामांच्या पक्षाला 31 पैकी 24 जागा मिळाल्या, सरकार त्यांचंच. मासिरे पडले तरी उपराष्ट्राध्यक्ष राहिले. तिथल्या संसदेत तेव्हा चार जागा निवडून आलेले खासदारच भरायचे; त्यातल्या एका जागेवर त्यांना घेतलं. आपल्याकडे पडलेल्या पुढाऱ्याला विधान परिषदेत नेतात, तसंच. जुलै 1980 मध्ये खामा वारल्यावर मासिरे राष्ट्राध्यक्ष झाले आणि 1998 पर्यंत राहिले. माणूस उत्तम होता, हे तिथला विरोधकही कबूल करायचा. पण ज्या गावानं नाही म्हटलं त्याला अकरा वर्षांत 'आता हाच तुमचा राष्ट्राध्यक्ष' असं ऐकावं लागलं, हे मला आजही खटकतं. दुसरी बाजूही सांगतो. ज्या देशाच्या दुसऱ्याच निवडणुकीत सत्तेतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस पडतो, मतं मोजणारे तसं जाहीर करतात आणि कुणाचं घर जळत नाही, त्या देशाबद्दल आदर वाटतो. त्या काळात शेजारच्या देशांत काय चाललं होतं ते आठवून बघा.

बाथोएन पुढे 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत खासदार होते. 1979 साली त्यांच्या पक्षाला सगळ्या देशात मिळून दोनच जागा मिळाल्या, तरी ते टिकले. 1990 साली ते वारले तेव्हा मी कान्येतच होतो. त्या आठवड्यात माझ्या वर्गात बीजगणित कुणी केलं नाही, मीही आग्रह धरला नाही.

घराण्याचं विचारलंत म्हणून सेरोवेचंही सांगतो, थोडक्यात. सेरोवे हे खामांचं गाव. सेरेत्सेंचे चिरंजीव इयन खामा लष्करप्रमुख होते. 1998 साली लष्कर सोडून सेरोवे नॉर्थच्या पोटनिवडणुकीतून संसदेत आले, 2008 ते 2018 राष्ट्राध्यक्ष होते. मग वारस म्हणून पुढे केलेल्या मोक्ग्वेत्सी मासिसींशी त्यांचं बिनसलं आणि 2019 मध्ये बापानं काढलेला पक्ष त्यांनी सोडला. त्या वर्षी त्यांच्या पाठिंब्यावरच्या नव्या पक्षाला देशभरात तीनच जागा मिळाल्या, आणि तिन्ही सेरोवेच्या. म्हणजे सेरोवेनं पक्ष बदलला, घराणं बदललं नाही. कान्येचं गणित याहून अवघड आहे आणि मला तेच आवडतं.

आता तुमचा 2024. खामा–मासिरेंचा पक्ष 61 पैकी 4 जागांवर आला. हिरे विकले जाईनात, पोरांना नोकऱ्या नाहीत, लोक कंटाळले, ही कारणं तुम्ही वाचली असतीलच. मतं मात्र त्या पक्षाला सुमारे 30 टक्के पडली होती. आपल्यासारखीच पद्धत आहे तिथं, ज्याला जास्त मतं तो निवडून. मतं गावोगाव पसरली की जागा हातात राहत नाहीत. इतकी वर्षं हाच हिशेब त्यांच्या फायद्याचा होता : 2014 साली निम्म्याहून कमी मतं मिळूनही 57 पैकी 37 जागा होत्या. जिंकलेल्या आघाडीचे डुमा बोको आता राष्ट्राध्यक्ष आहेत. त्यांचा मूळ पक्ष कोणता? नॅशनल फ्रंट. तोच, ज्याच्याकडून बाथोएन 1969 साली उभे राहिले होते. बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा म्हातारबांचं अंगण आठवलं. आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी, त्यांचं गाव मोशुपा, कान्येच्या शेजारचंच. त्यांनी निकाल पूर्ण लागायच्या आधीच हार मानली.

नंदुरबारशी तुलना तुम्ही करा. 2014 ला तिथं डॉ. हीना गावित आल्या, 2024 ला पुन्हा काँग्रेसचे गोवाल पाडवी. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मत का दिलं, हे त्याच्या अंगणात बसून विचारा आणि मला कळवा. मी अमळनेरात बसून अंदाज करणार नाही.

प्रश्न : आफ्रिकेत रंगीत चकत्या टाकून मतदान व्हायचं म्हणे. खरं आहे का? माझा मुलगा म्हणतो, थाप आहे.
— एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, मुलाला सांगा, गुरुजींनी चकती हातात घेऊन बघितली आहे. बोत्स्वानात प्रत्येक पक्षाचा रंग ठरलेला. मतदाराला सगळ्या चकत्या मिळायच्या. हवी ती मत म्हणून टाकायची, नको त्या वेगळ्या टाकून द्यायच्या. वाचता येत नसलं तरी अडत नसे. 7 ऑक्टोबर 1989 ला, शनिवार होता, आमच्या शाळेत मतदान झालं. मी परदेशी, मला मत नाही, म्हणून फाटकाबाहेर चिंचोळ्या सावलीत उभा राहून रांग बघत होतो. संपल्यावर शिपायानं एक चकती दाखवली आणि लगेच परत घेतली.

हसू नका, आपल्याकडेही पहिल्या दोन लोकसभांना, 1951-52 आणि 1957 ला, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, चिठ्ठीवर शिक्का मारायचा नाही, नुसती पेटीत टाकायची. माझी आई बैलजोडीची पेटी शोधत पडद्यामागं किती वेळ घालवला ते सांगायची. वडील बाहेर घाबरले होते.

चिन्हावरून आठवलं. खामांच्या पक्षाचं चिन्ह आहे गाडी उचलायचा जॅक! 'डेमोक्रॅटिक' हा शब्द गावातल्या लोकांच्या तोंडात बसेना, ते म्हणायचे 'डोमक्राग'. आफ्रिकान्स भाषेत त्याचा अर्थ जॅक. पक्षानं शहाणपणा केला, लोकांची चूक दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता जॅकच चिन्ह म्हणून घेतला. असा हजरजबाबी पक्ष मी दुसरा बघितला नाही.

सभा मात्र गावच्या चावडीवर, त्यांच्या भाषेत खोत्लावर, होत नसत. चावडी सगळ्यांची, तिथं पक्ष आणायचा नाही. प्रचारासाठी वेगळं मैदान, त्याला 'फ्रीडम स्क्वेअर' म्हणायचे. हा एक रिवाज मला उचलून आणावासा वाटला होता. त्या वर्षी माझ्या वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची पोरं मैदानावर घसा फोडून घोषणा द्यायची आणि त्यांना मत नव्हतं. वय 21 लागायचं. आपल्याकडे त्याच 1989 साली वय 18 झालं. पुतण्यानं पत्रात लिहिलं, काका, मी मत देणार. मी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं आणि पाऊण तास गणित बुडालं. तिथं वय 18 झालं 1997 साली. पुढे चकत्याही गेल्या, कागद आला.

मुलाला आणखी एक सांगा : 1984 साली गॅबरोन साउथमध्ये निकाल लागल्यावर न उघडलेली मतपेटी सापडली. पुन्हा मतदान घेतलं, आणि आधी जिंकलेले उपराष्ट्राध्यक्ष पीटर म्मुसी पडले. हरवणारा पक्ष कोणता, ते वरचं उत्तर वाचून त्यालाच ओळखू द्या.

प्रश्न : गुरुजी, पाच वर्षं भाकरीशिवाय काढली की काय?
— एक वाचक, यावल

उत्तर : छे! तिथलं मुख्य धान्य ज्वारीच. त्यांचं नाव माबेले. पण ते भाकरी करत नाहीत, घट्ट लापशी करतात, कधी आंबवून. आमच्या घरी पहिल्या महिन्यात भाकरी तव्यावर पडायच्या आधीच तुटायची, कारण तयार पीठ भरड. मग जात्यासारखं काहीतरी शोधण्यापेक्षा सौ.नी पीठ दोनदा चाळायला सुरुवात केली. वांगी मिळायची, पण भरताची ती आपली हिरवी लांब नाहीत, जांभळी, गोल. भरीत केलं. खाल्लं. त्याबद्दल अधिक बोलत नाही.