चष्म्याचा नंबर आणि विम्याचा क्लेम

प्रश्न : केळीचा माल गेला की मी यावलहून जळगावला येऊन डोळे तपासतो. यंदा नंबर बदलला. फी, काचा, फ्रेम मिळून साडेचार हजार गेले. पाच लाखांची पॉलिसी असून क्लेम नाकारला. असं कसं?

भाऊ, इथे कंपनीचं चुकलेलं नाही. आपल्याकडची साधी आरोग्य पॉलिसी अ‍ॅडमिट झालात तर पैसे देते, किंवा मोतीबिंदूसारख्या डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा ऑपरेशनला. ओपीडीची, म्हणजे अ‍ॅडमिट न होता दाखवल्याची फी तिच्यात बसत नाही, तपासणी नंबरची असो की काचबिंदूची. ओपीडीचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जादा पैसे भरून लावलेली जोड, घेतला असेल तर फी मिळू शकते, चष्म्याचं मात्र त्यात काय लिहिलंय ते वाचा. लेसरने नंबर घालवायचा विचार असेल तर ७.५ डायॉप्टरच्या आतला नंबर वगळलेल्या खर्चांत येतो.

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून शुगर आहे. अमळनेरला चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला, शेवटची ओळही वाचली. तरी डॉक्टर डोळ्याच्या आतला पडदा तपासा म्हणतात. पैसे काढायचे धंदे तर नाहीत?

ताई, शंका रास्त आहे, पण नाहीत. दुकानातल्या मशीनला नंबर कळतो, पडदा दिसत नाही. माझ्यासमोर बसून शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके मी अनेकदा पाहिलेत. दुखत नाही, अंधुक होत नाही, म्हणून तर उशीर होतो. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून अर्धा तास डोळे मिटून बसवतात, मग पडदा बघतात. शुगर असलेल्याने हे वर्षातून एकदा करायचंच. पुढचे काही तास जवळचं दिसत नाही, उन्हाने डोळे दिपतात. तेव्हा वडिलांना मोटारसायकल चालवू देऊ नका; आणि मे महिन्यातली आपली दुपार टाळा. फी खिशातूनच जाईल.

प्रश्न : आईचा मोतीबिंदू पिकलाय. चोपड्यात एजंटकडून मागच्या वर्षी ‘आरोग्य संजीवनी’ घेतली, एक लाखाची. मिळेल का?

आत्ता नाही. मोतीबिंदूला २४ महिने थांबावं लागतं. त्यानंतरही एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यात जे कमी ते. तुमच्या एक लाखावर म्हणजे २५,०००, शिवाय क्लेमचे ५ टक्के तुमच्या खिशातून. एजंट हे सांगत नाहीत, हा माझा जुना राग आहे. पुढे क्लेम कराल तेव्हा ऑपरेशनआधीच्या ३० दिवसांतली बिलं, लेन्सचं माप घेतल्याचं धरून, जपून ठेवा. नंतरच्या ६० दिवसांतल्या थेंबांचीही. नंतरचा चष्मा त्यात नाही. पण मोतीबिंदू खरंच पिकला असेल तर वर्षभर वाट बघू नका. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हे ऑपरेशन मोफत होतं.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. व्हिजन प्लॅन असूनही डोळे तपासल्याचं बिल मेडिकल इन्शुरन्सला लावलं आणि त्याला भरावं लागलं. – भुसावळ

तिकडे हे दोन वेगळे विमे. वर्षाची नेहमीची तपासणी आणि चष्मा व्हिजन प्लॅनकडे, आजाराची तपासणी मेडिकलकडे. तो डोळा लाल झाला म्हणून गेला असेल, तर बिल मेडिकललाच जाणार; डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देण्याआधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम, पुरं झालेलं नसेल तर खिशातून. नंबर काढण्याची फी तिथे वेगळी लावतात आणि मेडिकल विमा बहुधा ती देत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच ‘बिल कुठे लावणार’ हे विचारायला सांगा त्याला.

प्रश्न : कापूस वेचताना बायकोच्या डोळ्याला पऱ्हाटीची काडी लागली. मेडिकलवरून थेंब आणले, चार दिवस झाले, बुबुळावर पांढरं दिसतंय. विमा महिन्याभरातलाच आहे.

थेंब आत्ताच बंद करा. काडीतून बुरशी जाते, आणि त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर ती झपाट्याने वाढते. अ‍ॅडमिट करावं लागलं तर, पॉलिसी काडी लागण्याआधीची असल्यास, अपघाताला पहिल्या ३० दिवसांत क्लेम न मिळण्याची अट लागत नाही. पण आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. थेंबांची बाटली सोबत घ्या, कोणते टाकले ते त्यांना बघावं लागेल.