सळईचा लेप सोलला, हप्ता अडवू का?

प्रश्न: इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका वाचक भगिनी स्वतःच्या प्लॉटवर घर बांधत आहेत. ठेकेदाराशी लेखी करार आहे. त्यात इपॉक्सी लेपाची (गंज रोखणाऱ्या थराची) सळई ठरली असून किलोमागे जादा दर लावला आहे. तळमजल्याचा स्लॅब झाला. वरच्या मजल्याच्या सळया वाकवताना लेप सोलला, कापलेली टोकं उघडीच आहेत. ठेकेदार म्हणतो, "काँक्रीटमध्ये गेल्यावर कोण बघतं?" पुढचा हप्ता अडवावा का? शेजारी म्हणतात, रेरात, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, जा.

उत्तर: ताई, रेराचा नाद सोडा. त्यातली बांधकामातले दोष दुरुस्त करण्याची, ताब्यापासूनची पाच वर्षांची जबाबदारी प्रकल्प बांधून विकणाऱ्या बिल्डरची असते. तुमच्या प्लॉटवर तुमच्यासाठी राबणारा ठेकेदार त्यात बसत नाही. तुमची वाट ग्राहक आयोगाची. घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ सालीच सांगितलं आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर इंदूरचा जिल्हा आयोगच तक्रार ऐकेल. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं.

पण आधी स्लॅब भरणं थांबवा. एकदा काँक्रीट पडलं की पुरावा त्याच्याखाली गेला. तुमच्या बाजूचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, ठेकेदारालाही वेळ कळवा, आणि तारखेसह फोटो काढा: रिंगच्या वाकणावर तडकलेला हिरवा थर, कटरने कापलेली तांबूस टोकं. आयएस १३६२० या भारतीय मानकाप्रमाणे लेप साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाड हवा. उघडी टोकं आणि ओरखडे त्याच जातीच्या दुरुस्ती-लेपाने झाकायचे. वरून ब्रशने ऑइल पेंट फासून ठेकेदार सुटत नाही. लेप चढवणाऱ्या कारखान्याचं प्रमाणपत्र आणि सळईची बिलंही लेखी मागा.

सगळा हप्ता अडवू नका, नाहीतर काम सोडून तोच तुमच्यावर वसुलीचा दावा लावेल. झालेल्या बिनवादाच्या कामाचे पैसे द्या. लेपाच्या जादा दराची आणि दुरुस्तीच्या खर्चाची रक्कम तेवढी राखून ठेवा, कारण लिहून, स्पीड पोस्टाने.

एक मनापासून सांगतो. 'घर पाडून द्या' अशी मागणी करू नका. इंदूरला समुद्राचा खारा वारा नाही. इथे सळईचा खरा शत्रू म्हणजे गळती आणि कमी पडलेलं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. चांगल्या काँक्रीटमधली साधी सळईही बरीच वर्षं टिकते, हे समोरचा वकील आयोगापुढे मांडणारच. म्हणून मागणी दराचा फरक, लेपाची दुरुस्ती आणि त्रासाबद्दल भरपाई एवढीच ठेवा. तळमजल्याच्या स्लॅबमध्ये काय घातलं, ते बिलांवरून आणि वजनाच्या पावत्यांवरून ताडून पाहा.

करारात लवादाचं कलम असलं तरी बिचकू नका, ग्राहक आयोगाचा रस्ता त्याने बंद होत नाही.